एका कोयत्याची दोन नावं

सत्यभामाला कुणी वय विचारलं की ती आधी हंगाम मोजायची. आईच्या मागं उसाचं पाचट वेचत गेलेले सहा-सात, मग स्वतः ऊस तोडलेले सत्तावीस, आणि आता घरी बसून झालेले चार. त्याआधीची सात वर्षं धरली तर पंचेचाळीसच्या अल्याड-पल्याड असावी. बघणाऱ्याला साठीची वाटायची.

धारूरच्या मागच्या डोंगरात चिंचदरा म्हणून लहानसं गाव आहे, ते तिचं सासर. दसरा झाला की या गावाला कुलपं लागतात आणि उन्हाळा तोंडावर आला की उघडतात. मधले पाच-सहा महिने गावात म्हातारी माणसं, त्यांच्याजवळ ठेवलेली लेकरं आणि कुत्री. चौदाव्या वर्षी तिचं लग्न लागलं, तेही मुहूर्त नसताना, आश्विनात. नवऱ्याच्या, रामेश्वरच्या, बापाला त्या साली कोयता पुरा करायचा होता. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला मुकादम दारात उभं करत नाही.

पोरगा पप्पू झाला तो फडाच्या कडेला, पाचटाच्या झोपडीवजा कोपीत. सकाळी पाचवी पुजली आणि दुपारून सत्यभामा मोळ्या बांधत होती. तिशीत पोटात कळा यायला लागल्या. एका डॉक्टरनं पिशवी काढायला सांगितली. गावातल्या आठ-दहा जणींची निघालीच होती. "पिशवी गेली की कटकट गेली" असं त्या एकमेकींना सांगायच्या. सत्यभामाची पिशवी गेली, कटकट काही गेली नाही. अंगातून वाफा निघायच्या, रात्र रात्र हाडं ठणकायची, आणि पहाटे चारला मुकादमाची शिट्टी झाली की उठायचंच असायचं. अशीच आणखी अकरा वर्षं ती फडात गेली. शेवटी एका हंगामात मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर निम्म्यापर्यंत चढली आणि तिथंच थांबली. वर जाता येईना, खाली उतरता येईना. रामेश्वरनं तिला हाताला धरून उतरवलं. त्याचे गुडघे तर तिच्याही आधी गेले होते. पुढच्या दसऱ्यापासून पप्पू आणि त्याची बायको मनिषा हा त्या घरचा कोयता झाला.

घरी बसल्यावर तिच्या दारात गाड्या यायला लागल्या. पेपरवाले, टीव्हीवाले, शहरात शिकणाऱ्या पोरी. सगळे पिशवीचं विचारायचे. कधी काढली, का काढली, आता काय दुखतं. सत्यभामा सांगायची. कुणी डोळे पुसायचं, कुणी फोटो काढायचं, एकानं तर तिला रिकामी घागर घेऊन दोनदा दारातून आत-बाहेर करायला लावलं. पहिल्या-पहिल्यांदा तिला वाटलं, यातून काहीतरी होईल. मग वाटेनासं झालं. शेजारच्या गावात तिला 'पिशवीवाली बाई' म्हणतात हे कानावर आलं, त्या दिवशी तिनं ठरवलं की आता बास. त्यानंतर गाडीचा आवाज आला की ती मागच्या दारानं शेळ्यांकडं निघून जायची.

रोहिणी तेवढी त्यातून सुटली होती. अंबाजोगाईच्या एका बायकांच्या संघटनेत ती काम करायची, स्कूटीवर डोंगर चढून यायची, आणि आली की काही विचारायच्या आधी पाणी मागायची. त्या भाद्रपदात ती आली तेव्हा सत्यभामा चुलीतली राख ओढत होती.

"मावशी, पुढच्या मंगळवारी अंबाजोगाईला यायचंय. बाहेरच्या देशांतल्या मजूर बाया येणार आहेत."

"पिशवी सांगायची आसंल तर म्या येत न्हाई."

"नाही सांगायची. शपथ."

"मंग माझं काय काम हाय तितं?"

रोहिणी उंबऱ्यावर बसली. "आजवर कसं व्हायचं, मोठे देश यायचे आणि आपल्याला शिकवून जायचे. आता गरीब देशांनीच एकमेकांचं बघायचं ठरवलंय. कुणाकडं मजुराला म्हातारपणी काय मिळतं, बाळंतपणात काय मिळतं, आणि ते त्यांनी कसं मिळवलं, हे एकमेकांना सांगायचं."

सत्यभामानं राख पाटीत भरली. "उघड्याकडं नागडं गेलं अन् रातभर हिवानं मेलं. तसलीच गत की ही."

रोहिणी हसली, पण उठली नाही. रामेश्वर बाजेवरून म्हणाला, "जा की. जेवन तरी आयतं मिळंल एक दिस." सत्यभामा गेली ती खरं तर त्या आयत्या जेवणासाठीच.

सभागृहात पंखे होते, खुर्च्यांना पांढरी कापडं होती, आणि व्यासपीठावर एकामागून एक माणसं बोलत होती. 'सन्मानाचं काम' आणि 'सामाजिक सुरक्षा' हे दोन शब्द तिनं इतक्यांदा ऐकले की कान बधिर झाले. इंग्रजीत बोललेलं मराठीत सांगायचे, मराठीतलं इंग्रजीत. दुपारपर्यंत तिला दोनदा डुलकी लागली. जेवायची सुट्टी झाली तशी ती उठून दाराशी आली.

दाराजवळ एका टेबलावर ऊसतोडीचं सामान मांडलं होतं. चुंबळ, पाण्याचा कॅन, खेळण्यातली म्हणावी अशी पाचटाची कोपी, आणि मधोमध लाल फडक्यावर एक नवाकोरा कोयता. त्या टेबलापुढं एक बुटकी, सावळी, पन्नाशीची बाई उभी होती. गळ्यात पाहुण्यांची पट्टी होती. तिनं कोयता उचलला, वजन जोखलं, पात्यावरून आडवा अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

सत्यभामाला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी फुटलं. ती रोहिणीला म्हणाली, "सांग तिला, बाजारातनं आनून तसाच ठिवलाय. ह्यानं गवत बी कापनार न्हाई."

रोहिणीनं सांगितलं तशी ती बाईही हसली आणि कोयता हातात घेऊनच दगड शोधायला निघाली. मागच्या बाजूला नळाजवळ धुण्याचा दगड होता. सत्यभामानं पाणी मारून धार लावायला सुरुवात केली. चार-पाच हात झाल्यावर त्या बाईनं तिचं मनगट धरलं, मान हलवली, कोयता आपल्याकडं घेतला आणि एकाच अंगानं ओढून दाखवला. सत्यभामानं तो परत घेतला आणि दोन्ही अंगांनी ओढला. दोघी आपापल्या भाषेत भांडल्या. आतून कुणीतरी जेवायला हाक मारली, ती कुणीच ऐकली नाही.

तिचं नाव लोर्ना. फिलिपाइन्सच्या एका बेटावर ती तीस वर्षं ऊस तोडत होती. ताटं घेऊन तिघी मागच्या पायऱ्यांवर बसल्या, एकीचं दुसरीला सांगायला रोहिणी मधे. लोर्नानं पिशवीचं विचारलं नाही. मोळीचं वजन किती, ती चढवतं कोण, आजारी पडलं तर त्या दिवसाचं काय, असंच विचारत गेली. मग म्हणाली, "तुमच्याकडं कागदावर नाव कुणाचं असतं?"

"मालकाचं. म्हंजे नवऱ्याचं."

"आणि तुमचं?"

सत्यभामानं घास तसाच धरला. सत्तावीस वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं, तिनंही स्वतःला विचारलं नव्हतं. "माझं कशाला? आमी दोघं मिळून कोयता."

लोर्ना म्हणाली, त्यांच्याकडंही असंच होतं. दुसऱ्या बेटावरून बोटीनं माणसं ऊस तोडायला न्यायचे, आणि यादीत फक्त पुरुष. बाई मेली तरी मजूर मेली अशी कुठं नोंद व्हायची नाही. साखरेच्या पोत्यामागं मजुरांसाठी काही रक्कम बाजूला काढायचा कायदा त्यांच्याकडं होता. बाळंतपणाला, मरणाला त्यातून मदत मिळायची. "पण ज्याचं नाव नाही त्याला कायदा शोधत येतो का?"

"मंग काय केलं तुमी?"

"बोटीत चढलो नाही. दोन दिवस धक्क्यावर बसलो." लोर्नानं पाण्याचा घोट घेतला. "चढायच्या आधी मुकादमाला आपली गरज असते. चढलं की आपल्याला त्याची."

रोहिणीनं हे मराठीत सांगितलं. सत्यभामानं विचारलं, "लई मिळालं का मंग तुमाला?"

लोर्नानं नाही अशी मान हलवली. नावं लागली, काहींना काही मिळालं. तिच्या नवऱ्याचं म्हातारपणाचं प्रकरण मात्र अजून पडून होतं. "थकवा येतो," ती म्हणाली. "म्हणून आमच्यात पाळ्या आहेत. एक दिवस दुसरी कचेरीत जाते, मी घरी झोपते."

सत्यभामाला यातलं सगळ्यात जास्त नवल वाटलं ते या झोपण्याचंच.

गावात परतल्यावर चार दिवस ती शेळ्यांमागं हिंडली. पाचव्या दिवशी मनिषाला म्हणाली, "औंदा तुझं नाव कागदावर लिवून घ्यायचं."

मनिषा सासूला आत्या म्हणायची. ती भाकरी थापता थापता थांबली. "आत्या, लोक हसतील."

"हसू दे. फळीवरनं पडलीस तर कुनाच्या नावानं पडशील?"

पण मनिषा ऐकेना, आणि गावातल्या बाकीच्या बाया तर उंबऱ्याच्या आतही घेईनात. मुकादमाची आगाऊ उचल प्रत्येकीच्या घरात आली होती, कुठं छपराला लागली होती, कुठं दवाखान्याला. उचल खाल्लेल्या तोंडानं बोलायचं कसं? सत्यभामा रोज संध्याकाळी दोन-तीन घरं करायची आणि कंबर धरून परत यायची. पप्पू चिडायचा. "तुला घरी बसून सुचतंय हे सगळं, आई. आमाला जायाचंय."

पहिल्यांदा कुणी होकार दिला असेल तर तो सरस्वतीबाईनं. ती विधवा, दिराच्या जोडीनं कोयता पुरा करून जायची आणि कागदावर दिराचंच नाव असायचं. ती म्हणाली, "माझं काय जातंय? मला तर हसनारा बी न्हाई घरात." ती तयार झाल्यावर तिच्या दोघी चुलत जावा तयार झाल्या. मग आणखी चौघी. मनिषा शेवटपर्यंत हो म्हणाली नाही.

जायचा दिवस उजाडला. शाळेपुढं ट्रॅक्टर उभा, मागं दोन ट्रॉल्या. भांडी, गाठोडी, पत्रे, कोंबड्यांचा डालगा, सगळं चढलं. चौदा कोयते कर्नाटकाच्या हद्दीवरच्या एका कारखान्याला जाणार होते. मुकादम मोहनराव याच गावचा, रामेश्वरच्या भावकीतला. आवाज चढवायची त्याला सवय नव्हती आणि बहुतेकदा गरजही पडत नसे. तो म्हणाला, "चला, बसा पटापट. घाट उतरायचाय उन्हाच्या आत."

पुरुष चढले, निम्म्या बायाही चढल्या. उरलेल्या सात जणी ट्रॅक्टरच्या पुढं, रस्त्यात बसल्या.

मोहनरावला आधी कळलंच नाही. मग त्यानं सत्यभामाला बघितलं. ती बायांच्या मागं शाळेच्या भिंतीला टेकून उभी होती. फार वेळ उभं राहणं तिला जमत नसे.

"वहिनी, काय हाय हे?"

"करारात बायांची नावं घाला, भावजी."

"तुमी तर येत न्हाई आता. तुमचं काय मधीच?"

"म्या येत न्हाई म्हनूनच बोलते. येनारीला बोलता येत न्हाई."

मोहनरावनं पिशवीतून करार काढून दाखवला. "हे बघा, कारखान्याचा छापील कागद हाय. नावाला एकच रकाना हाय. म्या कावून अडवू तुमाला?"

"मंग रकान्याच्या भाईर लिवा."

ट्रॉलीतले पुरुष ओरडायला लागले. सरस्वतीबाईच्या दिरानं तिला उठवायला हात धरला, तो तिनं झटकला. पप्पू खाली उतरून आईपुढं येऊन उभा राहिला. दहा वाजले, अकरा वाजले. ट्रॅक्टर चालवणारा ख्वाजा धारूरचा. इतका वेळ तो इंजिन चालू ठेवून बसला होता. त्यानं एकदा रस्त्यातल्या बायांकडं पाहिलं, एकदा मोहनरावकडं, आणि इंजिन बंद केलं.

"ख्वाजा, बंद कावून केलं बे?"

"डिझेल जळतंय, मुकादम. मी चहा पिऊन येतो. तुमचं झालं की हाक मारा."

इंजिन बंद झालं आणि एकदम शांत वाटायला लागलं. त्या शांततेत मनिषा ट्रॉलीतून उतरली. लेक सायली हिला ती सासूजवळ ठेवून जाणार होती. चार वर्षांची ती पोर सकाळपासून रडून दमली होती. मनिषानं पोरीचं नाक पुसलं, तिला सासूच्या हातात दिलं आणि सरस्वतीबाईच्या शेजारी जाऊन बसली. तिच्या मागं मग बाकीच्याही उतरल्या. का उतरलात असं नंतर विचारलं तर त्यांना नीट सांगता येत नसे. बसून बसून पाय आखडले होते, एवढंच म्हणायच्या.

मोहनराव बाजूला जाऊन कुणाला तरी फोन करून आला. तिकडून त्याला काय ऐकावं लागलं कुणास ठाऊक, पण परत आला तेव्हा त्याच्या हातात पेन होतं. "सांगा नावं."

आता वेगळाच घोळ. निम्म्या बायांचं माहेरचं एक नाव, सासरचं एक, आधारवर तिसरंच. एक नवरा ट्रॉलीतून बायकोला विचारत होता, "ये, तुझं कागदावर काय नाव हाय गं?" दोघी-तिघी हसल्या. एकेका जोडप्याच्या कराराच्या कडेला, कोऱ्या जागेत, आडवीतिडवी, अशी चौदा नावं लिहिली गेली. प्रत्येक नावाशी सही किंवा अंगठा, खाली मोहनरावची सही. मनिषानं पप्पूच्या मोबाईलवर प्रत्येक कागदाचा फोटो काढला. एक वाजता ट्रॅक्टर हलला. सत्यभामाला आनंद वगैरे काही झाला नाही. तिला फक्त आडवं व्हायचं होतं, आणि पोर तर पुन्हा रडायला लागली होती.

माघ महिन्यात फोन आला. मनिषा फळीवरून पडली होती. दवानं फळी ओली, डोक्यावर मोळी, आणि उंची दीड पुरुष. मांडीचं हाड मोडलं.

सायलीला शेजारी सोडून सत्यभामा तीन एसट्या बदलून तिकडं पोचली. मनिषाच्या मांडीत सळई घातली होती. सुनेनं सासूला बघितलं आणि ती एवढंच म्हणाली, "आत्या, तुमी म्हनलं तसंच झालं." सत्यभामाला ते फार लागलं. ती म्हणाली, "म्या कुठं म्हनलं पड म्हनून," आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली.

ऊसतोड मजुरांसाठी अपघाताचा विमा होता. रोहिणीनं अर्ज भरला. जिल्ह्याच्या गावच्या कचेरीतला माणूस वाईट नव्हता, त्यानं कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "बाई, रकान्यात नवऱ्याचं नाव आहे. हे कडेला लिहिलेलं नंतर कुणी लिहिलं नाही कशावरून? मुकादमानं स्वतः येऊन जबाब द्यायला पाहिजे."

मोहनराव फोन उचलेना. उचलला तर म्हणायचा, उद्या. कारखान्याकडून बोलणी बसतील ही त्याला भीती होती. चैत्र गेला, वैशाख आला. सत्यभामा दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या बाकावर बसून यायची. रोहिणीनं लोर्नाला कळवलं होतं. एक दिवस तिचा आवाज मोबाईलवर आला, आणि रोहिणीनं त्याचं मराठी करून सांगितलं. लोर्ना म्हणत होती की त्यांच्याकडंही मुकादम असाच लपायचा. त्याला फोन करू नका, त्याच्या घरी जा. तो घरी नसताना जा. त्याच्या बायकोशी बोला.

मोहनरावची बायको छबुबाई. तिनं चहा ठेवला. आता तिच्या घराला फरशी होती, दारात जीप होती. सत्यभामानं चहा पिऊन कप खाली ठेवला.

विषय छबुबाईनंच काढला, "सूनबाई चालती का?"

"काठी घिऊन."

छबुबाईनं डावा पाय लांब केला आणि लुगडं घोट्यापर्यंत वर घेतलं. नडगीवर कोयत्याचा जुना, रुंद वण होता. "आमी बी एक कोयताच व्हतो, सत्यभामे. ह्यांनी मुकादमी धरायच्या आदी बारा वर्सं. ह्यो लागला तवा महिनाभर कोपीत पडलते. कुनाच्या कागदावर हाय का त्ये?"

छबुबाईनं कप उचलले. "जा तू घरी. येतील ते."

चौथ्या दिवशी जीप सत्यभामाच्या दारापुढं उभी राहिली. मोहनराव चालवत होता, मागं छबुबाई बसली होती. कचेरीत मोहनरावनं जबाब दिला: नावं माझ्यापुढं, माझ्या हातानं, गाडी निघायच्या आधी लिहिली. मग त्यानं सही केली आणि बाहेर येऊन टपरीवर एकट्यानं पान खाल्लं.

दवाखान्याच्या खर्चातला बराचसा भाग पुढच्या भाद्रपदात आला. मनिषाचा पाय किंचित आखूड राहिला. मोळी उचलायचं काम आता तिच्याच्यानं होणार नव्हतं. पण ऊसतोड मजूर म्हणून तिचं ओळखपत्र आलं, तिच्या नावाचं, फोटोसकट. सरस्वतीबाईचंही आलं.

सत्यभामाही ओळखपत्रासाठी ग्रामसेवकाकडं गेली होती. त्यानं विचारलं, "मागच्या तीन वर्षांत कुठल्या कारखान्याला गेलतात?" ती म्हणाली, कुठंच नाही, त्याच्या आधी सत्तावीस हंगाम. त्यानं विचारलं, "काही पुरावा?" तिच्याजवळ काही नव्हतं. ग्रामसेवक तरुण होता, त्याला खरंच वाईट वाटलं. "तुमचं नियमात बसत नाही, मावशी."

रोहिणी म्हणाली, आपण वर अर्ज करू, ज्यांचं शरीर गेल्यावर काम सुटलं अशा सगळ्या बायांचा. सत्यभामा म्हणाली, "कर. अंगठा लागला तर ये. पर मला आत्ता कुटं नेऊ नगंस."

त्या दसऱ्याला चिंचदऱ्यात भांडण झालं नाही. मोहनरावनं आपणहून दोन-दोन नावं लिहून घेतली. पण ही गोष्ट डोंगरापलीकडच्या वाडीत पोचली होती, आणि तिथल्या नऊ बायाही रस्त्यात बसल्या. तिथला मुकादम वेगळा होता. त्यानं दुपारपर्यंत वाट बघितली, मग दुसऱ्या गावाहून पाच कोयते बोलावले आणि ह्यांचं सामान खाली टाकून गाडी काढली.

त्यातली एक बाई दुसऱ्या दिवशी सत्यभामाच्या दारात आली. उभ्या उभ्या बोलली. "तुझ्या नादी लागून आमचा हंगाम गेला. तुझं काय, तू बसलीस घरात. आमी खायचं काय आता?"

सत्यभामानं तिला बोलू दिलं. बोट अडवणाऱ्या बायांना कधी असं मागं सोडून दिलं होतं का, हे आपण लोर्नाला विचारायला हवं होतं, असं तिला वाटलं. मग तिनं पायात चप्पल घातली आणि त्या बाईला घेऊन मोहनरावच्या घरी गेली. तिथून धारूरला, आणखी एका मुकादमाकडं. उन्हात दोघी चालत होत्या. ती बाई अर्ध्या वाटेपर्यंत रागानं पुढं पुढं चालत राहिली, मग सत्यभामाला पाऊल उचलेना हे बघून थांबली आणि तिच्या बरोबरीनं चालायला लागली. संध्याकाळपर्यंत तीन कोयत्यांची सोय लागली, तीही नावं घालायच्या बोलीवर. बाकीच्यांची लागली नाही. मोहनराव म्हणाला, बघू, कुणी आजारी पडलं तर बोलावतो.

सत्यभामा घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. मनिषा चुलीपुढं एक पाय लांब करून बसली होती, सायली तिच्या पाठीला टेकून काहीतरी चघळत होती.

"आत्या, भाकरी टाकू का?"

"टाक," ती म्हणाली आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. उद्या सकाळी उरलेल्यांसाठी केजच्या बाजूला जाऊन बघायचं होतं. कुणाकुणाला सोबत घ्यायचं ते ती मनात म्हणू लागली, आणि तिसऱ्या नावाशी तिचा डोळा लागला. भाकरी झाली, तव्यावरून उतरली, गारही झाली. मनिषानं तिला उठवलं नाही.